मृगाआधीची पालवी

ईस्टरच्या पहाटे आम्ही ख्रिस्ती माणसे कबरस्तानात जमतो. शेजारच्या मंडळींना याचे अजून नवल वाटते. सणाच्या दिवशी, तेही उजाडण्याआधी, मसणवटीत कसले जाता, असे लहानपणी मित्र मला विचारीत. उत्तर साधे आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी भल्या पहाटे काही बाया येशूच्या कबरेपाशी गेल्या आणि त्यांना ती रिकामी आढळली, असे शुभवर्तमान सांगते. त्याची आठवण म्हणून आम्ही अंधारात जातो, आदल्या दिवशी चुना दिलेल्या कबरींवर झेंडू-मोगऱ्याची फुले ठेवतो, मेणबत्त्या लावतो आणि पूर्वेला तांबडे फुटले की गाणी म्हणतो.

आमचे कबरस्तान गावाबाहेर मुरमाड माळावर आहे. दगडी कुंपणाशी चार बाभळी, दोन करंज आणि मधोमध एक जुना कडुलिंब. आमच्या बीड जिल्ह्यात त्याला नुसते लिंबच म्हणतात. बालाघाटच्या डोंगरावरून येणारा वारा पहाटेपुरताच गार असतो. नऊ वाजले की पाय भाजू लागतात. त्यामुळे उपासना लवकर उरकते. पाळकसाहेबांचा उपदेश दर वर्षी माझ्या लक्षात राहतोच असे नाही. बँकेतल्या नोकरीने ऐकता ऐकता मनात दुसराच हिशेब मांडण्याची खोड लावली आहे. लक्षात राहतो तो लिंब. गेली पन्नासएक वर्षे मी त्याला त्याच दिवसांत पाहतो आहे. एकदाही तो उघडाबोडका दिसलेला नाही.

रविवारच्या शाळेत आम्हांला रंगीत चित्रे मिळत. परदेशातून आलेली असत. ईस्टरच्या चित्रात वितळणारे बर्फ, हिरवे कुरण, कोकरे, अंड्यातून बाहेर येणारी पिवळी पिल्ले. तिकडे हिवाळाभर मेल्यासारखी पडलेली जमीन नेमकी त्याच सुमारास जागी होते. त्यामुळे मरणातून उठण्याचा दाखला निसर्ग आयताच देतो. आमच्याकडे त्या दिवसांत काय असते? बिंदुसरेच्या पात्रात वाळू, विहिरीच्या तळाशी गढूळ डबके, टँकरपुढे घागरींची रांग. मी वडिलांना एकदा विचारले होते, "बाबा, आपल्याकडे तर सगळं वाळतंय. मग हा सण पावसाळ्यात का नाही ठेवला?"

वडील शाळामास्तर. उत्तर सांगून टाकण्यापेक्षा प्रश्न घरी न्यायला लावण्यावर त्यांचा विश्वास. त्यांनी मला लिंबाखाली नेले आणि म्हणाले, "शेवटचा पाऊस कधी पडला होता रे?"

"दसऱ्याला."

"मग याला ही पालवी कुठून आली?"

मला सांगता आले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

पुढे ते कळले. लिंब, पिंपळ, करंज ही झाडे माघ-फाल्गुनात पाने झाडतात आणि दिवस मोठा होऊ लागला की ऐन उन्हात तांबूस कोवळी पाने घेऊन उभी राहतात. पळस तर त्याआधीच पेटलेला असतो, बहावा त्यांच्यामागून येतो. त्यांची मुळे खोल गेलेली असतात आणि मागच्या पावसाने जमिनीत मुरवलेले पाणी त्यांनी धरून ठेवलेले असते. मृग निघायला अजून दोन-अडीच महिने अवकाश असतो, आभाळात ढगाचा ठिपका नसतो, आणि हे झाड मात्र पाने काढून मोकळे होते. पाऊस पडल्यावर गवतही हिरवे होते. त्याला मी आशा म्हणणार नाही, ती पावसाची पोच झाली. आशा म्हणावी ती लिंबाच्या पालवीला. ती पावसाच्या आधी येते.

आणखी एक गोष्ट मोठेपणी ध्यानात आली. पवित्र शास्त्रातला निसर्ग त्या रंगीत चित्रांतला नाहीच. तो पॅलेस्टाईनचा आहे. तिथेही उन्हाळ्यात पाऊस पडत नाही, ओढे आटतात, विहिरींवरून भांडणे होतात. योसेफाच्या गोष्टीत सात वर्षांचा दुष्काळ आहे. एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत वर्षांमागून वर्षे कोरडी जातात आणि मग समुद्रावर तळहाताएवढा ढग दिसतो. तो ढग बघायला चाकराला पुन्हा पुन्हा पाठवले जाते. ही गोष्ट लंडनच्या माणसापेक्षा पाटोदा-आष्टीच्या माणसाला लवकर कळेल. रडत पेरायला जाणारा आणि हसत पेंढ्या घेऊन परतणारा शेतकरी स्तोत्रांत आहे. घरातले खायचे धान्य मातीत टाकताना डोळ्यांत पाणी का येते, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

ईस्टरची तारीखही आपल्या पंचांगापासून फार लांबची नाही. २१ मार्चनंतरची पौर्णिमा धरायची आणि तिच्यापुढचा रविवार घ्यायचा, असा जुना नियम. म्हणून आमचा हा सण कधी होळीला लागून येतो, तर बहुतेक वेळा हनुमान जयंतीला. २०१९ साली १९ एप्रिलला उत्तम शुक्रवार आणि हनुमान जयंती एकाच दिवशी आली होती. एका गल्लीत मारुतीच्या जन्माचा नारळ, दुसरीत वधस्तंभाची उपासना, आणि वर तोच चंद्र.

वर्षभराचे म्हणाल तर आमच्या जिल्ह्यात चर्चचे पंचांग आणि शेतीचे पंचांग एकमेकांत असे गुंतले आहे की कुठले कुठे संपते ते सांगता येत नाही. मी त्यात तिसरे पंचांग घातले, बँकेचे. ज्येष्ठात पीककर्जाचे वाटप. मृगाचा पाऊस झाला की चाड्यावर मूठ धरायची, पुढे उघडीप पडली तर दुबार पेरणी, म्हणजे दुबार उसनवारी. श्रावणात पिके बरी दिसली की पासबुक भरून घ्यायला येणाऱ्यांचे चेहरे वेगळे असत. सुगी झाली की चर्चमध्ये उपकारस्तुतीचा सण होतो. कोणी ज्वारीची कणसे आणतो, कोणी भोपळा, कोणी कोंबडी, धारूरकडचा कोणी सीताफळांची पाटी. मग त्यांचा लिलाव पुकारतात. दहा रुपयांचा भोपळा दोनशेला घेणारे असतात. बँकेच्या लिलावात मी याच्या उलट पाहिले आहे.

दसरा-दिवाळी झाली की जिल्हा रिकामा होऊ लागतो. काही लाख माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी आणि पोरे. गावात उरतात म्हातारी माणसे. त्याच सुमारास आमचा आगमनकाळ सुरू होतो, नाताळाच्या आधीचे चार रविवार. त्यात सांगतात ती कथा अशी: सरकारी हुकमामुळे एक नवराबायको गाव सोडून लांब जातात, बाईचे दिवस भरलेले, उतरायला कुठे जागा नाही, आणि लेकरू जनावरांच्या गव्हाणीत निजवतात. साखर कारखान्याच्या कडेला पाचटाच्या कोपीत जन्मलेली पोरे ज्या जिल्ह्यात घरोघर आहेत, तिथे या कथेचा अर्थ सांगायला पाळक कशाला हवा?

मग राखेचा बुधवार, चाळीस दिवसांचा उपवासकाळ. तो आणि बँकेची मार्चअखेरची वसुली बरोबर एकमेकांवर येतात. आणि गळीत हंगाम संपून कोयते परत येऊ लागतात ते पाडव्याच्या आगेमागे, म्हणजे ईस्टरच्याच दिवसांत. सहा महिने कुलूप लागलेले दार उघडते, ओसरी सारवली जाते, चूल पेटते. कबरस्तानातून परतताना अशी उघडी दारे दिसली की मला त्या पहाटेचा अर्थ कळल्यासारखा वाटे.

हे सगळे मी काही प्रथम शोधले नाही. आमच्या जिल्ह्याला लागून नगर जिल्हा. नारायण वामन टिळक तिथे राहिले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही. महाराष्ट्राने त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हटले आणि ते बरोबरच होते. पण हेच टिळक ख्रिस्ताची गाणी अभंगांत लिहीत आणि ती टाळ-मृदंगावर म्हणावीत असा आग्रह धरीत. फुलाची कविता आणि भक्तीची कविता त्यांच्याकडे एकाच वाफ्यात उगवली. त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे काही काळ राहिले. ज्यांच्या कवितेने मराठी मुलांना श्रावण दाखवला ते बालकवी १९१८ च्या मे महिन्यात रेल्वे अपघातात गेले, अवघे सत्तावीस वर्षांचे. पुढच्याच मे महिन्यात टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळेचे शिक्षण जवळजवळ मिळालेच नव्हते. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ही बाई ठाऊक असते. माझ्या वडिलांना या गोष्टीचे फार अप्रूप. ते म्हणत, "पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हे शास्त्रात लिहिलंय. लक्ष्मीबाईंनी तर दुसऱ्याची पेरणीच पुरी केली."

वडिलांचे वडील नगर जिल्ह्यातल्या एका गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. गेल्या शतकाच्या तोंडावर जो मोठा दुष्काळ पडला, त्यात आमचे घराणे मिशनच्या आसऱ्याला आले. 'दुष्काळी ख्रिस्ती' हा टोमणा मी शाळेत ऐकला आहे. पोटासाठी धर्म सोडला म्हणे. मी रडत घरी आलो तेव्हा वडील रागावले नाहीत. "भुकेल्याला कुणी भाकरी दिली, पंक्तीला शेजारी बसवलं, आणि त्यात त्याला देव दिसला, तर लाज कुणाला वाटायला पाहिजे?" एवढेच म्हणाले. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जाई. तांबड्या मिलोची भाकरी आणि शाळेत मिळणारी सुकडी यांवर आम्ही तो काळ काढला. त्या दुष्काळातल्या कामांच्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना राज्यभर रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढच्या पावसापर्यंत माणूस तगला पाहिजे, ही आशा तेव्हा कायद्याच्या कलमात लिहिली गेली.

एवढे सगळे माहीत असूनही एका वर्षी लिंबाखाली माझ्या तोंडून गाणे फुटले नाही. ते वर्ष २०१६.

मराठवाड्यात त्याआधी लागोपाठ वर्षे खराब गेली होती. आमच्याच पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा, केज तालुक्यातल्या धनेगावचे तिचे धरण कोरडे पडले होते, आणि त्याच्या पाण्यावर जगणाऱ्या लातूरला त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. मी तेव्हा एका शाखेचा प्रमुख होतो. फेब्रुवारीत, उपवासकाळ नुकताच लागला असताना, एक शेतकरी माझ्यासमोर येऊन बसला. पंचेचाळिशीचा असेल. कर्ज वडिलांच्या नावाचे, वडील आदल्या वर्षी वारलेले, वारसाचा फेरफार व्हायचा होता. कर्जाचे हप्ते पाडून द्यावेत आणि मृगाला बियाण्यापुरते नवे कर्ज मिळावे, एवढे त्याचे मागणे. टंचाई जाहीर झालेली होती, पुनर्गठनाचा नियम होता. कागद मात्र अपुरा होता. माझ्या टेबलावर मार्चअखेरच्या याद्या होत्या. मी म्हणालो, "फेरफार करून आणा. मार्च संपू द्या, मग बघू." तो "बरं साहेब" म्हणाला, टोपी नीट केली आणि गेला.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात तो गेल्याचे कळले. कसा गेला ते लिहीत नाही. आमच्या जिल्ह्यात ते कोणी विचारत नाही.

माझ्यामुळे तो गेला असे मी म्हणणार नाही. त्याच्या घरी माझ्याशिवायही पुष्कळ देणी होती, हे नंतर समजले. पण त्या सकाळी मी त्याला जी वाट बघायला सांगितली ती त्याला परवडणार आहे का, हे मी विचारले नाही, एवढे मात्र खरे. त्या वर्षी ईस्टर २७ मार्चला आला. कबरींवर मेणबत्त्या लागल्या, तांबडे फुटले, सगळ्यांनी गाणे धरले. वर बघितले तर लिंब नेहमीसारखाच कोवळा, तांबूस, उन्हाची पर्वा नसलेला. मला त्याचा राग आला. मनात म्हटले, तुला काय, तुझे दर वर्षी फुटते. तो आता फुटायचा नाही.

निसर्गात आशा शोधणाऱ्या सगळ्यांनाच कधी ना कधी या ठिकाणी यावे लागते. रात्रीनंतर दिवस, उन्हाळ्यानंतर पावसाळा, हे म्हणायला सोपे आहे. पण ऋतू परत येतात, माणूस येत नाही. मागच्या वर्षीचे पान झाडाला पुन्हा चिकटत नाही. पेरलेला दाणा मरतो आणि त्यातून नवे रोप येते, हा दाखला येशूने दिला आणि पौलाने मरणाविषयी लिहिताना तोच वापरला. पण दोघांनीही त्याला पुरावा म्हटलेले नाही. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की मरणातून उठणे एकदा घडले आणि एक दिवस सगळ्यांच्या बाबतीत घडेल. ही श्रद्धेची गोष्ट. ती ऋतुचक्रातून सिद्ध होत नाही आणि मी ती कोणाच्या गळी उतरवू पाहत नाही. हे वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांचा तो धर्मही नव्हे. माझे म्हणणे त्याच्या अलीकडचे आहे आणि ते सगळ्यांसाठी आहे.

त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मराठवाड्यात धो धो पाऊस झाला. कोरडे पडलेले मांजरा धरण भरले. तेव्हा गावात जो तो म्हणू लागला, "सहा महिने थांबायला पाहिजे होतं त्यानं." भली माणसे कळवळून म्हणत होती. मला ते वाक्य सहन होत नसे. थांबायला काय काय लागते याचा हिशेब मांडून बघा. दोन बैलांचा सहा महिन्यांचा कडबा. घरातल्या पाच माणसांची ज्वारी. टँकरचे पाणी. पोराची कॉलेजची फी. सावकाराचे व्याज. आणि सगळ्यांत महाग म्हणजे चार माणसांत मान वर करून बसता येईल एवढी पत. बँकेत तीस-पस्तीस वर्षे काढलेला माणूस म्हणून सांगतो, आशेला भांडवल लागते. ज्याच्या गाठीला काहीच उरलेले नाही त्याला 'आशा सोडू नका' म्हणणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडायला सांगणे. असे उपदेश आमच्या चर्चमध्येही होतात, तुमच्या कीर्तनातही होत असतील, आणि हल्ली तर 'सकारात्मक विचार' शिकवणारी माणसे पैसे घेऊन ते करतात.

लिंब थांबू शकतो कारण त्याच्या मुळाशी कोणत्या तरी पावसाने पाणी ठेवलेले असते. माणसाच्या मुळाशी ते कोण ठेवणार? शेजारी, सोयरे, पंचायत, सोसायटी, बँक, सरकार, देऊळ, चर्च, सगळ्यांनीच ठेवायचे असते. पुढचा ऋतू आणणे आपल्या हातात नाही. शेजारचा माणूस पुढच्या ऋतूपर्यंत पोचेल एवढे करणे पुष्कळदा असते.

लूकच्या शुभवर्तमानात एक दाखला आहे. तो मी लहानपणापासून ऐकला होता, पण ऐकला असे म्हणायला नको. एका मालकाच्या मळ्यात अंजिराचे झाड. तीन वर्षे तो फळ बघायला येतो, फळ नाही. तो माळ्याला म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवायची? माळी मध्ये पडतो. आणखी एक वर्ष राहू द्या म्हणतो. त्या वर्षात मी त्याच्या भोवती खणीन, खत घालीन, मग फळ आले तर बरेच, नाहीतर तोडा. येशू पुढे काय झाले ते सांगत नाही. झाड फळले की तुटले, कळत नाही.

तो दाखला म्हणजे हुबेहूब थकीत कर्जाची फाइल आहे हे मला पंचावन्नाव्या वर्षी समजले. तीन वर्षे उत्पन्न नाही, मालकाचे म्हणणे नियमाला धरून, आणि माळी मागतो आहे ती एका वर्षाची मुदत. पण हा माळी नुसती मुदत मागून बसत नाही. खणण्याचे आणि खताचे काम तो स्वतःच्या अंगावर घेतो. मी त्या शेतकऱ्याला मुदतच दिली होती, "मार्च संपू द्या." कुदळ काही हातात घेतली नव्हती. एक फोन तलाठ्याला केला असता, शिपायाला त्याच्याबरोबर तहसीलला पाठवले असते, तर तो कागद आठवड्यात आला असता. दुसरे काही झाले असते की नाही, देव जाणे. माळ्यालाही फळाची खात्री नव्हती.

एप्रिलच्या शेवटी त्याची बायको बँकेत आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद नीट लावलेले. फेरफाराला तीच तहसीलच्या खेपा घालत होती. मला काही बोलायचे होते, ते जमले नाही. "बाई, बसा," एवढेच म्हणालो. ती म्हणाली, "साहेब, माणूस गेला, पर रान तर हितंच हाय. मिरगाच्या आधी तेवढं बघा." तिच्या आवाजात ना तक्रार होती, ना धीर देणे. त्या आठवड्यात पुनर्गठन झाले, बियाण्याचे कर्जही मंजूर झाले. नियमात बसवून झाले. नियम फेब्रुवारीतही तोच होता.

गोष्ट इथे गोड करून संपवता आली असती. कादंबरीत मी कदाचित तसेच केले असते. त्या वर्षी पाऊस झाला, तिच्या रानात तूर जोरात आली, आणि सगळ्यांच्याच रानात आल्यामुळे २०१७ च्या सुरुवातीला तुरीचा भाव हमीभावाच्या खाली घसरला. खरेदी केंद्रांवर दिवसेंदिवस रांगा लागल्या. पीक आले आणि भाव गेला. पुढची दोन वर्षे दसरा झाला की ती भावाच्या कुटुंबाबरोबर ऊसतोडीला जाऊन आली. बांधावर आणि वरच्या खडकाळ तुकड्यात तिने सीताफळे लावली; त्या झाडाला आमच्या बालाघाटची मुरमाड जमीन आणि थोडे पाणी चालते. आता ती धरू लागली आहेत. मी निवृत्त झालो तेव्हा कर्ज अजून थोडे बाकी होते. गेल्या दिवाळीच्या आधी बाजारात ती पाटी घेऊन बसलेली दिसली. मी दोन डझन घेतली. भाव तिने एक रुपयाही कमी केला नाही, आणि मला त्याचा आनंद झाला.

आता निवृत्तीनंतर सकाळी मी तालुक्याला दोन-तीन तास बसतो. फेरफार, वारस नोंद, विम्याचा अर्ज, पुनर्गठनाचा अर्ज, असले कागद लिहून देतो. चर्चमधली दोन तरुण मुले मदतीला येतात, शेजारच्या विठ्ठल मंदिरातले एक भजनी बुवा येतात. त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. याने दुष्काळ हटणार नाही, हे मला कळते. महिन्याकाठी पाच-सात माणसांचा आठवडा वाचतो. त्या फेब्रुवारीत एका माणसाला तेवढाच हवा होता.

ईस्टरच्या पहाटेच्या कथेत एक बारीकशी गोष्ट आहे, तिच्यावर उपदेश फारसे होत नाहीत. रिकाम्या कबरेबाहेर मरीया मग्दालिया रडत उभी असते. समोर कोणीतरी दिसते. डोळ्यांत पाणी असल्यामुळे म्हणा, अंधारामुळे म्हणा, ती त्याला ओळखत नाही. तिला वाटते, हा इथला माळी असेल.

टीकाकार त्याला तिची चूक म्हणतात. मला नाही तसे वाटत.

यंदाही आम्ही कबरस्तानात जाऊ. टँकर सुरू झालेले असतील किंवा व्हायच्या बेतात असतील. ऊसतोडीचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्याने परतत असतील. लिंबाला पालवी आलेली असेल. आता तिचा राग येत नाही. जाताना मी मेणबत्तीबरोबर एक घागर पाणी नेतो आणि उपासना झाल्यावर कुंपणाकडेला मागच्या पावसाळ्यात लावलेल्या तीन रोपांना घालतो. मोठ्या झाडाला माझ्या पाण्याची गरज नाही. या तिघांची मुळे अजून खोल गेलेली नाहीत.